नानाभॉय मूस: ट्राम येण्याआधी वेधशाळा अलिबागला नेणारा माणूस

फोनमधलं कंपास ॲप उघडा आणि फोन हळूहळू घरातल्या लोखंडी कपाटाजवळ न्या. सुई गोंधळेल, कदाचित पार उलटी फिरेल. हा लेख वाचायला हा एवढा प्रयोग पुरेसा आहे.

मला हा धडा धाटावला मिळाला. घरच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवायचं ठरलं होतं. पॅनलचं तोंड दक्षिणेकडे हवं, म्हणून फोन काढला. गच्चीवर पत्र्याची शेड, खाली लोखंडी अँगल, स्लॅबमध्ये सळ्या. प्रत्येक कोपऱ्यात वेगळी दक्षिण! बाबा म्हणाले, सूर्य बघ की. तेही खरंच होतं, पण इंजिनिअरचा हट्ट असतो. फोन घेऊन समोरच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. एमआयडीसीकडून नेहमीचा वास येत होता, पण सुई मात्र एकदम शांत झाली. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या ॲपमध्ये गच्चीवर ७०च्या वर गेलेला आकडा बांधावर ४३ मायक्रोटेस्लाच्या आसपास स्थिरावला. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण तेवढंच आहे.

म्हणजे सेन्सर तोच, माणूस तोच, फक्त जागा बदलली आणि आकडा खरा झाला. हीच गोष्ट एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली आणि त्यापायी मुंबईतलं अख्खं मोजमाप खाडीपलीकडे आपल्या जिल्ह्यात आणलं. त्यांचं नाव नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. अलिबागची चुंबकीय वेधशाळा ही त्यांचीच देणगी. बीचवर जाताना आपण तिच्या जवळून जातो आणि बहुतेक वेळा बघतही नाही.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. या तारखेत एक गंमत आहे. त्याच्या दोनच महिने आधी, १ आणि २ सप्टेंबर १८५९ला, सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाच्या खगोल अभ्यासकाने सूर्यावर डोळे दिपवणारा भडका पाहिला आणि सुमारे १७ तासांनी युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांच्या तारांमध्ये ठिणग्या उडू लागल्या. मोजलेल्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठ्या वादळांपैकी एक. आणि ते मोजलं कुठे गेलं? मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभी केली. १८४१ पासून तिथे चुंबकीय मोजमाप सुरू झालं. रेशमी धाग्याला टांगलेलं चुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा, आणि थोड्या अंतरावरून दुर्बिणीतून त्या आरशात पट्टीवरचा आकडा वाचणारा माणूस. चुंबक केसभर वळलं तरी पट्टीवरचा आकडा बराच सरकतो. माणसं पाळ्या लावून ठरलेल्या वेळी वाचन घेत, वहीत लिहीत. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे, पुढे पुण्यात गणिताचे नावाजलेले प्राध्यापक झाले ते, तरुणपणी याच वेधशाळेत नोकरीला होते. म्हणजे रायगडचा माणूस तिथे आधीच पोचला होता. वेधशाळा रायगडात यायला अजून साठेक वर्षं होती.

मूस शिकायला स्कॉटलंडला गेले, एडिंबर्ग विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतली आणि तिथल्या रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. आज बी.ई. झाल्यावर एम.एस.ला जाणं आपल्याला नेहमीचं वाटतं. त्या काळी बोटीने महिनाभराच्या आसपासचा प्रवास करून एखादा मुंबईकर भौतिकशास्त्र शिकायला जातो, हे काही रोजचं नव्हतं. परत आल्यावर १८९६ साली, चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर, ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. तोवर त्या खुर्चीत एकही भारतीय बसला नव्हता. वर्षही कठीण होतं. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि शहर सोडून लोक गावाकडे पळत होते. वेधशाळेला सुट्टी नसते. हवामान, भरती-ओहोटीच्या काठावरचा वारा, पाऊस, चुंबकीय क्षेत्र, सगळ्याच्या नोंदी चालू ठेवायच्या होत्या. १८९७चा आसामचा मोठा भूकंप झाल्यानंतर भारतात भूकंपमापक यंत्रं आली, त्यातलं एक मूस यांच्याच काळात कुलाब्यात बसलं.

पण त्यांच्यासमोरचा खरा पेच वेगळाच होता.

मुंबईत १८७४ पासून ट्राम होती, घोड्यांची. घोडा खातो, शिंकतो, लीद टाकतो, पण वीज वाहून नेत नाही, त्यामुळे वेधशाळेला त्याचा काही त्रास नव्हता. विसाव्या शतकाच्या तोंडावर विजेच्या ट्रामच्या योजना आखल्या जाऊ लागल्या. शहराच्या दृष्टीने ही आनंदाचीच बातमी. कुलाब्याच्या चुंबकांसाठी मात्र ती जवळपास मृत्युपत्र होती.

का, ते थोडं आकड्यांत बघू, कारण सगळी गोष्ट या आकड्यांवरच उभी आहे.

विजेचा प्रवाह जिथून वाहतो त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे आपण दहावीला शिकतो. एका सरळ तारेतून १०० अँपिअर प्रवाह जात असेल, तर १ किलोमीटर अंतरावर त्याचं क्षेत्र साधारण २० नॅनोटेस्ला येतं. १००० नॅनोटेस्ला म्हणजे १ मायक्रोटेस्ला, त्यामुळे तुमच्या फोनला हा आकडा दिसणारसुद्धा नाही. फोनमधल्या सेन्सरची एकेक पायरीच शंभर-दीडशे नॅनोटेस्लाची असते. पण वेधशाळेला काय मोजायचं असतं? आपल्या अक्षांशावर पृथ्वीचं क्षेत्र दिवसभरात, सूर्य वर चढतो तसं, काही दहा नॅनोटेस्लाच फक्त वरखाली होतं. म्हणजे किलोमीटरभर लांबून जाणारी ट्राम आणि खुद्द सूर्याचा रोजचा परिणाम, दोन्ही एकाच मापाचे. त्यातून तेव्हाच्या ट्राम डीसीवर चालत. वरच्या तारेतून वीज घ्यायची आणि रुळांतून परत पाठवायची. सगळी वीज शहाण्यासारखी रुळांतूनच परत गेली असती तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र बरंचसं खोडून टाकतात. पण रूळ जमिनीला टेकलेले. थोडी वीज जमिनीत गळते, पाण्याच्या पाइपातून, ओल्या मातीतून कुठूनही वाट काढते. आणि कुलाबा म्हणजे दोन्ही बाजूंनी समुद्र असलेली चिंचोळी पट्टी. ट्राम निघाली की चुंबक थरथरणार, थांबली की थरथरणार. रात्री ट्राम डेपोत गेल्यावरच काय तो पृथ्वीचा आवाज ऐकू येणार.

असं होणार हे मूस यांना नुसत्या तर्काने कळलं नव्हतं. जगात ते घडू लागलं होतं. कॅनडात टोरांटोच्या वेधशाळेला विजेच्या ट्राममुळे १८९८ साली आपलं चुंबकीय काम शहराबाहेर ॲजिनकोर्टला न्यावं लागलं होतं. लंडनजवळच्या प्रसिद्ध क्यू वेधशाळेलाही हीच पाळी आली आणि शेवटी स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्युअरच्या ओसाड माळावर १९०८ साली नवी वेधशाळा सुरू झाली.

मूस यांच्यापुढे तीन वाटा होत्या, असं मला वाटतं. ट्राम अडवायची, जी कुठल्याच काळात अडवता येत नाही. मोजमाप बंद करायचं. किंवा जागा बदलायची. त्यांनी सरकारला तिसरी वाट पटवून दिली. जागा ठरली कुलाब्यापासून साधारण ३० किलोमीटर दक्षिणेला, अलिबागला. तेव्हा अलिबाग म्हणजे शांत गाव: नारळ-सुपारीच्या वाड्या, समुद्र, ना ट्राम ना कारखाने. शिवाय अंतर इतकं कमी की चुंबकीय दृष्टीने मुंबई आणि अलिबाग जवळपास शेजारीच. आपल्याकडच्या लोकांना यातली एक गंमत लगेच कळेल. आपल्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होतं आणि अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच. कुलाब्याची वेधशाळा गेली कुठे, तर कुलाब्याला!

१९०४ साली अलिबागची इमारत तयार झाली. ती बांधणं हेही एक वेगळं प्रकरण होतं. माझ्या गच्चीवर जे झालं ते इथे होऊन चालणार नव्हतं. आपल्या सह्याद्रीतला काळा दगड लोहयुक्त असतो, म्हणून भिंतींसाठी पोरबंदरचा निवडक वालुकाश्म आणला. खिळे, कड्या, बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. लोखंड दाराबाहेर. भिंती जाडजूड, कारण तापमान बदललं की चुंबकाची ताकदही किंचित बदलते आणि मग आपण पृथ्वी मोजतोय की दुपारचं ऊन, हेच कळत नाही. आतमध्ये अंधार. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा किरण घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पडायचा आणि चोवीस तासांची सलग रेघ उमटायची. आजच्या भाषेत लॉगिंग. माणसाने दर तासाला डोळे लावायची गरज उरली नव्हती, पण कागद बदलणं, धुणं, मोजणं आणि रेघेचे आकडे करणं हे सगळं हातानेच.

आता ज्यासाठी मला हा माणूस विशेष आवडतो तो भाग.

इमारत १९०४ला तयार झाली. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ला. मधल्या काळात मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं, १९०४ ते १९०६, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं.

सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही पॅरलल रन म्हणतो. जुनी सिस्टिम बंद करण्याआधी नवी तिच्या बाजूला चालवायची, दोघींना तोच इनपुट द्यायचा आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. सगळ्यांना हे माहीत असतं आणि डेडलाइन आली की सगळ्यात आधी हेच कापलं जातं. मी एका प्रोजेक्टवर होतो तिथे एका रात्रीत डेटा नव्या सर्व्हरवर हलवला आणि जुना बंद केला. पुढच्या आठवड्यात रिपोर्टमधला एक आकडा तीन टक्क्यांनी वर गेलेला दिसला. धंदा वाढला की आमचंच काही चुकलं? सांगायला कोणी नव्हतं, कारण तुलना करायला जुनी सिस्टिमच उरली नव्हती. आम्ही चार जण दोन आठवडे लॉग उकरत बसलो होतो.

वेधशाळेत हाच प्रश्न फार मोठा होतो. जागा बदलली की आकडा बदलणारच. अलिबागच्या जमिनीखालचा खडक वेगळा, उपकरण वेगळं, त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांत एक ठरावीक फरक असणार. हा फरक किती, ते दोन्हीकडे एकाच वेळी मोजल्याशिवाय कळत नाही. नाहीतर पुढे शंभर वर्षांनी कुणी आलेख काढला, की १९०४च्या आसपास एक पायरी दिसेल आणि ती पृथ्वीने घेतली की वेधशाळेने, हे कोणालाच सांगता येणार नाही. पृथ्वीचं क्षेत्र दशकानुदशकं हळूहळू सरकत असतं. त्याचा अभ्यास करायचा तर साठ वर्षांची नोंद आणि त्यापुढची नोंद एकाच धाग्यात ओवलेली हवी. दोन वर्षांच्या त्या जोड-मोजणीने तो धागा तुटू दिला नाही. १८४० च्या दशकापासून आजपर्यंतची ही साखळी जगातल्या सगळ्यात लांब चुंबकीय नोंदींपैकी एक आहे, ती या कारणाने.

कुलाब्याचं चुंबकीय काम संपल्यावर मूस जुन्या वह्यांकडे वळले. १८४६ ते १९०५, साठ वर्षं. नुसते तास मोजले तरी सव्वापाच लाखांवर जातात. ते सगळे आकडे तपासून, दुरुस्त करून, एका मापात आणून त्यांनी १९१० साली दोन जाड खंड प्रसिद्ध केले. पहिल्यात आकडे, दुसऱ्यात त्यांची चिकित्सा. कॅल्क्युलेटर नाही, एक्सेल नाही. आपण डेटा क्लीनिंगच्या नावाने रडतो तेव्हा मला हे खंड आठवतात.

त्या चिकित्सेत एक सुंदर युक्ती आहे. प्रत्येक चुंबकीय वादळ वेगळं दिसतं, आणि त्यात रोजचा सूर्याचा चढउतारही मिसळलेला असतो. मूस यांनी घड्याळाची वेळ बाजूला ठेवली आणि वादळ सुरू झालं तो क्षण शून्य धरला. मग अनेक वादळं एकमेकांवर ठेवून सरासरी काढली. कुठलं वादळ सकाळी सुरू झालेलं, कुठलं रात्री, त्यामुळे रोजचा चढउतार सरासरीत विरून गेला आणि वादळाचा स्वतःचा आकार वर आला: सुरुवातीला क्षेत्र किंचित वाढतं, मग काही तासांत मोठी घट होते आणि त्यानंतर कित्येक दिवस सावकाश भरपाई. आज अवकाश हवामानाच्या कुठल्याही वेबसाइटवर वादळाचा आलेख उघडा, साधारण हाच आकार दिसेल. त्यांच्या वेळी ही घट कशामुळे होते ते ठाऊक नव्हतं. पृथ्वीभोवती आकाशात विद्युतभारित कणांचं एक कडं फिरतं आणि ते घट घडवतं, हे नंतर कळलं. पण घट किती आणि किती वेळ, हे कागदावर आधीच मांडलेलं होतं.

या सगळ्याचा आपल्याला काय उपयोग, असं विचाराल तर आधी फोनकडेच या. कंपास चुंबकीय उत्तर दाखवतो आणि नकाशाला लागते खरी भौगोलिक उत्तर. दोन्हींतला फरक जागेप्रमाणे बदलतो; कोकणात तो एक अंशाहूनही कमी आहे, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दहा अंशांहून जास्त. ही दुरुस्ती फोन स्वतः करतो, त्यासाठी त्याच्यात पृथ्वीच्या क्षेत्राचं एक जागतिक मॉडेल भरलेलं असतं. ते दर पाच वर्षांनी नवीन निघतं. उपग्रहांची मोजमापं आणि जमिनीवरच्या वेधशाळांच्या नोंदी, दोन्ही त्यामागे असतात. अलिबाग ही अशा वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातली एक, सांकेतिक नाव एबीजी.

दुसरा उपयोग जास्त गंभीर आहे. मार्च १९८९ मध्ये एका चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली. मग प्रश्न येतो, १८५९ सारखं वादळ आज आलं तर? उत्तर देण्याआधी ते वादळ किती मोठं होतं हे माहीत हवं, आणि त्या वेळी जगातल्या कित्येक वेधशाळांची उपकरणं पट्टीच्या बाहेर गेली होती. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या लखिना आणि ॲलेक्स यांच्यासह कुलाब्याच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. २ सप्टेंबर १८५९च्या सकाळी क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलेली त्यात दिसते. तुलनेला मे २०२४चं वादळ घ्या, ज्यात लडाखच्या हानलेहून आकाश लाल दिसलं आणि ज्याचे फोटो तुमच्याही फीडवर आले असतील. त्या वेळची जागतिक सरासरीतली घट सुमारे ४०० नॅनोटेस्लाची होती. दोन आकडे तंतोतंत एकाच पद्धतीने काढलेले नाहीत, एका जागेचा आणि जगाच्या सरासरीचा फरक आहेच, तरी अंदाज यायला हरकत नाही.

मूस यांच्यानंतर हे काम वाढत गेलं. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली आणि आता तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्यात. तिच्या वेधशाळा देशभर आहेत. त्यातली एक काश्मीरमध्ये गुलमर्गला, अडीच हजार मीटरहून जास्त उंचीवर, सुईसारख्या पानांच्या फर-पाइनच्या जंगलांच्या परिसरात. बर्फ, थंडी, पुरवठ्याची बोंब. एवढ्या लांब जायचं कारण एकच, माणसाच्या गडबडीपासून दूर आणि वेगळ्या अक्षांशावर निसर्ग मोजता यावा. उंच डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे असोत की जंगलात मनोरे उभारून झाडांचा श्वास मोजणारे, सगळ्यांना पहिल्या दिवशी जागाच शोधावी लागते. मूस यांना ती नारळाच्या वाडीशेजारी सापडली, एवढाच फरक.

दोन दशकांहून जास्त काळ वेधशाळा सांभाळून मूस निवृत्त झाले. १९ फेब्रुवारी १९३६ला त्यांचं निधन झालं. त्याआधीच, ३ फेब्रुवारी १९२५ला, मुंबईत विजेची पहिली लोकल धावली होती, तीही डीसीवर. म्हणजे कुलाब्याला परतायचा प्रश्नच मिटला होता.

ट्राम मात्र टिकली नाही. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि रूळ हळूहळू डांबराखाली गाडले गेले. अलिबागला त्या रात्रीही फोटोच्या कागदावर रेघ उमटत होती. सकाळी नेहमीप्रमाणे कोणीतरी कागद बदलला असणार.